चांगुणाच्या हातचं

चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा अजिनाथ भिंतीला टेकून, छाती धरून बसला होता. जेवून उठल्याला पंधरा मिनिटं झाली असतील. कपाळावर घाम होता आणि छाती इतकी उडत होती की सदऱ्यावरूनही दिसावी.

रंगुबाई समोरच होती. अजिनाथची ही थोरली बहीण कर्जतमध्येच दोन गल्ल्या सोडून राहायची. तिनं चांगुणाच्या हातातला तांब्या घेतला, पाण्याकडे निरखून पाहिलं आणि ते अंगणात ओतून दिलं.

"जेवल्यावरच कसं हुतं रं हे?" ती भावाला म्हणाली.

हा प्रश्न अजिनाथच्या मनात चार महिने होता. तो एसटीतला निवृत्त ड्रायव्हर. पहिली बायको वारल्यावर एकटाच राहत होता. दोन वर्षांपूर्वी अल्सरचं ऑपरेशन झालं आणि जठराचा बराच भाग काढावा लागला. त्यानंतर स्वतःच्या हातानं रांधून, जेमतेम खाऊन तो पार हडकला. नातेवाइकांनी नेवाशाची चांगुणा पाहिली. तीही विधवा, मूलबाळ नाही. देवळात हार घालून लग्न झालं. नवऱ्याची हाडं पाहून चांगुणानं त्याला खाऊ घालायचा चंगच बांधला. गुळाचा सांजा, शेवयांची खीर, वर गरम दूध. पोट भरलं म्हटलं तरी ती आणखी एक पळी वाढायची. आणि तेव्हापासूनच ही धडधड सुरू झाली. लग्नाआधी असं एकदाही झालं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी ईसीजी काढला होता. त्यात काही निघालं नाही. हृदय ठणठणीत आहे म्हणाले. अजिनाथला ते ऐकून बरं वाटलं नाही. दोष हृदयात नसेल तर तो ताटातच असला पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं.

"काय घालतीस तू जेवनात?" त्यानं विचारलं.

चांगुणानं रिकामा तांब्या उचलला आणि म्हणाली, "मीठ-मिरची घालते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो तिला नेवाशाला, तिच्या भावाच्या घरी सोडून आला. दारातूनच परत फिरला.

मग तो रंगुबाईकडे जेवू लागला. बहिणीच्या सुनेकडे दुसऱ्यांदा मागायचा त्याला संकोच वाटे. अर्धी भाकरी, वाटीभर कालवण खाऊन उठायचा. छाती शांत राहायची. आठवडा गेला, महिना गेला, एकदाही धडधडलं नाही. रंगुबाई म्हणायची, "बघ, मी काय सांगत हुते." अजिनाथ मान हलवायचा. एके दिवशी त्यानं चांगुणानं वळून ठेवलेल्या शेवयांचा डबा उचलला आणि उकिरड्यावर रिकामा केला. कोंबड्यासुद्धा त्याच्याजवळ जाऊ नयेत म्हणून वर माती लोटली.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत आग्रह झाला. अजिनाथ बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला, वर चार जिलेब्या खाल्ल्या. थोड्या वेळानं मांडवातच खाली बसला तो त्याला उठता येईना. छाती पूर्वीपेक्षा जोरात उडत होती. लोकांनी त्याला जीपमध्ये घालून नगरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोटावरचा जुना व्रण पाहिला, काय काय खाल्लं ते विचारलं आणि कागदावर एक पिशवी काढून दाखवली.

"बाबा, तुमचं जठर लहान झालंय. तुम्ही खूप खाल्लं, त्यातून गोड खाल्लं, की ते सगळं एकदम आतड्यात उतरतं. मग घाम येतो, छाती धडधडते. थोडं थोडं खा, दिवसातून पाच-सहा वेळा. गोड बंद करा. जेवताना पाणी पिऊ नका."

अजिनाथनं तो कागद उचलून घेतला. "कुनाच्या बी हातचं खाल्लं, तरी असंच हुनार?" त्यानं विचारलं.

"कुणाच्याही," त्या म्हणाल्या.

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर तो कर्जतला गेलाच नाही. नगरच्या स्टँडवरून नेवाशाची गाडी धरली.

चांगुणा भावाच्या ओट्यावर गहू निवडत बसली होती. फार उतरली होती. अजिनाथ उभ्या उभ्याच सगळं बोलला. ऑपरेशन, आतडं, जिलेबी, डॉक्टरीणबाई. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट पाहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "चल घरी."

"बरं झालं, कळलं," ती म्हणाली. "आता जपून खा. पन मी न्हाई यायची."

"मला ठावं न्हवतं गं. तूबी त्या दिशी कायच बोलली न्हाईस. शपथ घेतली असतीस, तर मी ऐकलं असतं."

चांगुणानं कागदाची घडी करून त्याच्या हातात ठेवली आणि चढउतार नसलेल्या आवाजात म्हणाली, "पयल्यांदा तुमी छाती धरली, त्या दिसापासनं मी तुमच्याच ताटात तुमचं उष्टं खात हुते. म्हनलं, माझ्या हातनं काय इखारी जात असंल, तर मलाबी हू दे. चार महिनं देवाकडं तेवढंच मागितलं. तुमी शेजारच्याच खोलीत असायचा. मी कशात जेवते, ते एकदाबी बघितलं न्हाई."