फास्ट चार्जरचा नारळ

पुण्याहून लातूरला सासुरवाडीला जाताना उत्कर्ष दर खेपेला येरमाळ्यात आईकडं, धुरपदाबाईंकडं, मुक्काम करायचा. घरच्या प्लगवर त्याची इलेक्ट्रिक गाडी चार्ज व्हायला अख्खी रात लागायची, म्हणून तो सारखा कुरकुरायचा. लेकराचा हा ताप मिटू दे, असं साकडं धुरपदाबाईंनी येडेश्वरीला घातलं. गावाजवळच हायवेच्या धाब्यावर फास्ट चार्जर बसला, तेव्हा नारळही त्यांनीच वाढवला.

परवा ‘निघालो’ म्हणून त्याचा फोन आला, तसे त्यांनी त्याच्या आवडीचे शेंगोळे शिजायला टाकले. दिवस कलला, शेंगोळे निवून गेले, तरी त्या दारातच उभ्या. तेवढ्यात फोन वाजला.



“आई, पोचलो गं लातूरला! त्या चार्जरवर अर्ध्या तासात गाडी फुल. आता वाटंत कुठं मुक्कामाची कटकटच न्हाय!”