साधा मजकूर

“रिना, तुया कम्प्युटरनं पुस्तकातली बाई मारून टाकली,” ऑनलाइन सेंटरच्या बाकड्यावर बसत देवराव म्हणाला.

देवरावला वाचता येत नव्हतं. गडचिरोलीला दवाखान्यात पडल्या पडल्या त्याची बायको रुखमा त्याला मोबाईलवरची ती कादंबरी वाचून दाखवायची. रुखमा गेली. मग त्याने रिनाकडून त्या ई-बुकचा साधा मजकूर करून घेतला, म्हणजे मोबाईलच वाचून दाखवेल. मोबाईलने सगळं नीट वाचलं. फक्त शेवटी कादंबरीतली आजारी बाई दवाखान्यातच वारली.

“रुखमानं वाचलं तवा ती बरी होऊन घरी आली होती. माया कानानं आयकलं मी.”

रिनाने मूळ पुस्तक उघडलं. शेवटचं पान वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

“फाईल बदलली तरी शब्द तेच राह्यतात, देवरावभाऊ. पुस्तकातच मरते ती.”

देवरावने मोबाईल तिच्यापुढे सरकवला.

“या साध्या मजकुरात आपल्याले लिहिता येते का?”

“येते ना. काईबी खोडा, काईबी लिहा.”

“मंग तिचं मरण खोड आन् मी सांगतो तसं लिही. मले पाठ हाय. ती बरी होऊन घरी येते, चुलीपाशी पाहते आन् नवऱ्याले म्हणते, एवढे भांडे काऊन साचवून ठेवले?”