घड्याळाचा मनोरा, गिरणीची चिमणी

"बाबा, पडदा काळा झाला," मुलगी म्हणाली आणि सुकाणूजवळच्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला तिने दोन चापट्या मारल्या. यंत्र काही हूं की चूं करीना.

म्हातारा मागच्या फळीवर बसला होता. चाळीस वर्षं हीच लाँच त्याने खाडीपलीकडून शहराच्या धक्क्याला नेली होती. गेली पाच वर्षं मुलगी नेत होती. आज तो नुसता उतारू म्हणून आला होता, जुनं शहर एकदा डोळे भरून बघायला. निघाल्यापासून त्याने बाकीच्या अकरा उतारूंचं डोकं खाल्लं होतं. तिथे बर्फाचा कारखाना होता, तिथे ट्रामचा डेपो होता, गिरणीचा भोंगा झाला की अख्खा किनारा उठून बसायचा.

"त्यात काय एवढं," तो उठत म्हणाला. "माझ्या वेळी कुठं होतं असलं काही? घड्याळाचा मनोरा बघायचा आणि त्याच्या मागे गिरणीची चिमणी. चिमणी बरोबर मनोऱ्याच्या डोक्यावर उभी धरायची नि सरळ जायचं. जरा बाजूला सरकली, की आपण खडकांवर."

"आजोबा, माझी ड्यूटी चारला सुरू होते," एक नर्सबाई म्हणाल्या. "बुडायचं असेल तर आधी फोन करून कळवते."

सगळे हसले. म्हातारा जास्तच हसला.

हवेत धूळ होती. मनोरा त्याला सापडला, पण केवढासा. उंच इमारतींच्या मधे तो गर्दीत चुकलेल्या पोरासारखा उभा होता. आणि त्याच्या मागे, धुळीत, एक करडी सरळ उंच रेघ. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"ही बघ. पाडली, पाडली म्हणत होते लोक. डावीकडे घे. अजून थोडं. हं, आता धर सरळ."

मुलीने बापाचं ऐकलं. ओहोटी लागली होती. लाँच पाणी कापत पुढे गेली, आणि मनोऱ्याच्या डोक्यावरच्या त्या चिमणीला हात फुटला.

लांबलचक हात. तो सावकाश फिरला. त्याच्या टोकाला लोखंडाची मोळी लोंबत होती.

क्षणभर म्हाताऱ्याला वाटलं, गप्प बसावं. एवढ्या लोकांसमोर, पोटच्या पोरीसमोर काय सांगायचं?

"थांबव," तो म्हणाला. त्याने तिचा खांदा धरला. "थांबव. ती चिमणी नाही. क्रेन आहे."

तिने इंजिन बंद केलं आणि धावत जाऊन नांगर सोडला. या वाटेवर दोर आठ वाव, म्हणजे आठ पुरुष खोल जातो. तो दीड वाव गेला आणि सैल पडला. तळाखाली काहीतरी खरवडत गेलं. खरकटं पातेलं सुरीने खरवडावं तसं. मग कुणीच हसलं नाही.

नर्सबाईंनी धक्क्यावर फोन लावला. बोट पाठवतो, पण तास लागेल, असं उत्तर आलं. तासाभरात पाणी इतकं उतरलं असतं, की लाँच खडकांवर बसून फुटली असती.

"फोनमध्ये नकाशा आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं निळं दिसतंय."

"निळ्यात खडक दाखवत नाहीत, बाई," म्हातारा म्हणाला.

मग तो मुलीकडे वळला. "तू रोज येतेस. काहीतरी धरून येत असशील. एखादी इमारत, पाण्याची टाकी, काहीतरी."

तिने मान वर करून शहराकडे पाहिलं. ओळीने उभ्या काचा, सगळ्या सारख्या.

"मी पडद्यावरची रेघ धरून येते, बाबा. वर कधी बघितलंच नाही."

आल्या वाटेने मागं फिरायचं तर खडक कुठल्या बाजूला, तेही कळत नव्हतं. आता लाँचवर वाट ठाऊक असलेलं कुणीच नव्हतं.

म्हाताऱ्याने वल्हं उचललं आणि कडेला उभा राहून पाण्यात टोचत राहिला. पाणी बोटाबोटाने खाली जात होतं. मग उजव्या अंगाला, हातभर अंतरावर, पाण्याला एक सुरकुती पडली आणि खडक वर आला. काळा, घोड्याच्या मानेसारखा वाकलेला, अंगावर शेवटपर्यंत गेलेली आडवी चीर. एक बाई डोळे मिटून पुटपुटू लागल्या.

म्हातारा मात्र वाकून बघत राहिला.

"ओळखला याला. हा शहराकडे जाताना डाव्या हाताला असतो," तो हळूच म्हणाला. "आपण त्याच्या उलट्या बाजूला आलोय. नांगराचा दोर थोडा थोडा सोड. याच्या अंगाअंगाने मागं सरकू. याची शेपटी ओलांडली की पलीकडे खोल पाणी."

"नक्की?"

"नक्की."

ती दोर सोडत गेली. म्हातारा कठड्यावरून वाकला आणि दोन्ही हातांनी खडक धरून लाँच मागे सरकवू लागला. शिंपल्यांनी तळवे चिरले. तळाखाली पुन्हा खरवडलं, एकदा, दोनदा. मग आवाज थांबला. पाणी काळंशार झालं.

मुलीने नांगर ओढून घेतला आणि इंजिन सुरू केलं. लाँच थरथरली.

"बाबा, सोडा आता."

त्याने ऐकलं नाही.

"बाबा, हात चिरडेल. सोडा त्याला."

"सोडतो गं," तो म्हणाला. त्याची बोटं त्या चिरेत तशीच होती. "हा तेवढा होता तिथंच आहे."