टिकलीभोवतीचं वर्तुळ

खोपटच्या एका लॅबमध्ये कल्पिता जंतूंच्या तपासण्या करायची. त्या सकाळी तिच्या हातात सासूबाईंच्या तपासणीची काचेची बशी होती. सुमतीबाई बाळकुमच्या हॉस्पिटलात तापाने फणफणत होत्या.

बशीत त्यांच्या रक्तातले जंतू सायीसारखे पसरले होते. वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवलेल्या होत्या. औषध लागू पडलं, की टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उरतं. इथे जंतू सगळ्या टिकल्यांना भिडले होते. एकीभोवती मात्र मोठं वर्तुळ होतं.

तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. "शौनक, एक औषध चालतंय. डॉक्टरांना आत्ताच सांग." तिने नाव सांगितलं.

फोन ठेवून ती वळली, तर वर्तुळ लहान झालं होतं. भास असेल, म्हणून तिने मोजपट्टी लावली. तिच्या डोळ्यांदेखत कड आत सरकली.

तिने शेजारची बशी ओढली. तिच्यात लॅबने तुलनेसाठी जपलेले साधे जंतू होते. ते प्रत्येक औषधाने मरायचे. मघाशी तिथे सगळ्या टिकल्यांभोवती वर्तुळं होती. झाकण तसंच घट्ट होतं, पण आता एकच वर्तुळ उरलं होतं. त्याच औषधाचं.

काही वेळाने फोन वाजला.

"अगं, सलाइनमधून औषध सुरू केलं," शौनक म्हणाला. "आईला जरा बरं वाटतंय. हे नाही चाललं तर दुसरं कुठलं द्यायचं, डॉक्टर विचारतायत."

कल्पिताने बाकीच्या टिकल्यांवरून नजर फिरवली; दुसऱ्या एकीभोवतीही वर्तुळ नव्हतं. दोन्ही बशांतली वर्तुळं एकदमच मिटत होती.