डोळ्यांतलं औषध

“डोळा उघड, संध्या. वर पाह्य.”

दुर्पतानं लेकीची खालची पापणी ओढून एक थेंब सोडला. संध्या कळवळली. परवाच नागपूरला लेसरनं तिचा चष्मा काढला होता. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपत होतं. सूज उतरवणारं हे औषध आधी झोंबायचं, मग थोडा वेळ दुखणं दबायचं.

“अजून दोन टाक ना,” दारातून अनुसयाआत्या म्हणाली. “पोरगी तळमळून राहिली.” चष्मेवाली पोरगी कोण करंल, असं म्हणून ऑपरेशनचा आग्रह तिनंच धरला होता.

“जास्त टाकलं तं जखम भरत नाही म्हणे.” दुर्पता खाटेच्या कडेवर बसली. तिनं डावा खांदा दाबून धरला.

“बसली काऊन? धानाच्या रोवणीच्या बाया चहाची वाट पाहून राहिल्या बांधावर.”

दुर्पता उठली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्पता अंगणात निजवलेली होती. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत्यानंच लावलेलं. चिचगडहून, देवरीहून बाया येत होत्या. प्रत्येक बाई आली की आत्या तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडायची, आणि मग डोळे पुसून तेच सांगायची.

“नशीबवान होती माय. भरल्या कपाळानं गेली. जेवली, निजली, झोपेतच गेली. हूं का चूं नाही केलं.”

“असं मरण मागून भेटत नाही,” बाया म्हणायच्या. संध्याचे वडील, उदेभान, मान हलवायचे.

संध्या भिंतीला टेकून बसली होती. ऊन सहन होत नव्हतं, म्हणून काळा चष्मा. तिच्याकडे पाहून कुजबुज चालली होती. माय मेली अन् पोरगी गॉगल लावून बसली. एक टिपूस नाही.

औषधाची वेळ झाली. आज तिनं चष्मा जरा उचलून ते स्वतःच टाकलं. हात चुकला. थेंब गालावर ओघळला.

“रडली! रडली वो पोरगी!” आत्या धावत आली. दातांना घासायच्या गुडाखूच्या वासाच्या बोटांनी तिनं तो गाल पुसला. “मोकळी हो माय. तुही आई सुखानं गेली. काहीच दुखलं नाही तिले.”

संध्यानं आत्याचं बोट गालावरून बाजूला केलं. काळा चष्मा काढला. उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसला, तरी तिनं डोळे मिटले नाहीत.

“ते औषध आहे, आत्या. अन् आई झोपेत नाही गेली. छाती धरून कण्हत होती. तू म्हणत होती, ‘तोंडात पदर धर, पोरीची झोप मोडते.’ मी हाक मारली तं तू मलेबी म्हणाली, ‘काही नाही, झोप.’”

आत्यानं पदर तोंडाशी नेला.

“माझी झोप नव्हती मोडत, आत्या. मी जागीच होती.”