साडेनऊ गुण

१९८२च्या जुलैमध्ये वाशीच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या चाचणीला दहा गुणांचं एक गणित घातलं होतं. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेली आहेत. अर्धसमीकरणं जोडून सेलचं विभव काढा आणि कोणता धातू झिजेल ते सांगा. सारसोळ्याच्या नर्मदाने इलेक्ट्रॉन नीट जुळवले, ०.७८ व्होल्ट हा आकडाही अचूक काढला. फक्त चिन्ह उलटं घेतलं, त्यामुळे झिजणारं लोखंड तिच्या उत्तरात टिकलं. रीत बरोबर होती. मी अर्धा गुण कापला, शेरा लिहिला नाही, आणि पुढचा पेपर घेतला.

एप्रिलमध्ये ती कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन आली. तिच्या वडिलांची होडी खाडीच्या तोंडाशी बुडाली होती. वडील सापडले नव्हते.

"फल्या वाहून आल्या, मॅडम. खिले नव्हतेच त्यांत, नुसती भोकं."

मी अर्ज वाचत राहिले.

"पावसात होडी वर काढलेली, तवा बाबांनी तलाला तांब्याचा पत्रा मारला. मला इचारलं, पोरी, लोखंडाचे खिले चालतील ना? मी तुमी तपासलेला पेपर दाखवला. चालतील म्हनलं. बाबा हसले. म्हनले, आता आपल्या होडीला घरचीच इंजिनेर हाय."

मी सही केली. तिने अर्जाची नीट घडी घातली आणि दारापाशी थांबली.



"मॅडम, तो अर्धा गुन कशाचा कापलेला?"