डावा सुळा

"हे दात कुणाचे?" बाईंनी आरशात बघत विचारलं.

"तुमचेच, मॅडम."

"छे. हे एखाद्या बँक मॅनेजरचे आहेत."

डॉक्टरने हसू आवरलं. पोरगी वयाने तिशीची, पण हाताला चांगलं वळण होतं आणि ते तिला माहीत होतं. ही वरची कवळी तिने मन लावून केली होती. अजून ती कच्ची होती, गुलाबी मेणात दात रोवलेले, नुसती घालून बघण्यापुरती. आज पसंत पडली की मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक येणार आणि मग एकही दात केसभरसुद्धा हलणार नाही. तेव्हा आज नीट बघून घ्या, असं तिनेच बाईंना बजावलं होतं. बाई नीट बघत होत्या.

"सगळे कसे शाळेच्या रांगेत उभे राहिलेत," बाई म्हणाल्या. "माझा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. तुम्हाला ठाऊक आहे. काढलात तोही तुम्हीच."

"ठाऊक आहे. मी मुद्दामच सरळ घेतला. देवाने दिलेला दात वाकडा असला तर नाइलाज असतो. कवळीत कुणी हौसेने वाकडा दात बसवतं का? लोक मला नावं ठेवतील."

"मला काय कमी ठेवली?" बाईंनी आरसा मांडीवर पालथा घातला. "पहिल्या सिनेमाच्या वेळी निर्माता म्हणाला, दात सरळ करून ये, नाहीतर घरी जा. घरात खाण्याची मारामार होती. तरी मी पिशवी उचलली आणि निघाले. फाटकापाशी त्याचा माणूस धावत आला मागे. तेव्हा कुणाचं ऐकलं नाही, आता या वयात ऐकू?"

डॉक्टरने ट्रेमधली हत्यारं सारखी केली.

"येत्या शनिवारी तोच सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. संपला की दिवे लागणार आणि मी मंचावर उभी राहणार. केस पिकले, गाल बसले, ते लोक समजून घेतील. पण मी हसले की ते काय शोधतील? हे दात घालून मी तिथे जायची नाही. घरी बसेन."

"पण मॅडम, हे खरंच सुंदर दिसतात. कुणालाही विचारा."

"विचारू या की."

बाई गळ्यातल्या रुमालासकट उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा गाल टम्म सुजलेला, त्यावर त्याने हात दाबून धरलेला. बायकोच्या मांडीवर भलीमोठी जड पर्स. बाई त्यांच्याकडे बघून छान हसल्या. नवऱ्याने एकदा वर बघितलं आणि पुन्हा जमिनीकडे.

"आता आमचा नंबर आहे हं," बायको म्हणाली.

बाईंनी दार लावलं आणि खुर्चीत येऊन बसल्या. "ऐकलंत?"

डॉक्टरने ऐकलं होतं. तिने कवळी काढून घेतली आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. बाईंनी आपल्या पर्समधून स्वतःचा एक जुना फोटो काढून तिच्यासमोर ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. छोटी सुरी ज्योतीवर धरली, सुळ्याभोवतीचं मेण मऊ केलं आणि अंगठ्याने तो दात पुढे ओढला, किंचित फिरवला, शेजारच्या दातावर टेकवला. मग कवळी गार पाण्यात धरून तिने बाईंच्या हाती दिली.

बाईंनी ती घातली. आरसा उचलला. ओठ वर करून डावी बाजू नीट बघितली.

"फोटो बघितलासुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या.

"माझाही असाच होता."

"मग कुठे गेला?"

"तेरा वर्षांची असताना तार लावून सरळ केला. आई म्हणत होती, राहू दे, त्या नटीसारखी गोड दिसते. म्हणजे तुमच्यासारखी. बाबांनी ऐकलं नाही. म्हणाले, पुढे लग्नाला अडचण येईल."

"झालं का लग्न?"

"नाही."

बाई खळखळून हसल्या. डॉक्टरने तो दात हसण्यात बघितला आणि तिची जीभ आपोआप स्वतःच्या डाव्या सुळ्यावर गेली. तो सरळ, गुळगुळीत, कुणालाही दाखवावा असा होता. तिला फार वाईट वाटलं, डोळे भरले. इतक्या लोकांचे दात सरळ केले, पण आपला वाकडाच हवा होता, हे तिला आज कळलं.

"रडू नकोस पोरी," बाई म्हणाल्या. "चल, बघू चालतो का."

त्या पुन्हा दाराकडे निघाल्या.

"जपून, मॅडम. अजून मेण आहे ते."

"हसायला चाललेय, चावायला नाही."

दार उघडलं. बाई चौकटीत थांबल्या, हनुवटी थोडी उचलली आणि हसल्या.

नवऱ्याने वर बघितलं. त्याचा गालावरचा हात हळूहळू खाली आला. मग तो बाकाचा आधार घेत उभा राहिला आणि तसाच राहिला.

"अहो, बसा की," बायको म्हणाली. "दात दुखतोय ना तुमचा?"

पण पर्स तिच्या पायाशी पडली होती, आणि तीही उभीच होती.